एकतिसावं टोपण

लेक : नुसती सही करायची आहे, बाबा. मजकूर मी लिहिलाय, चष्मा तुमच्या नाकावर आहे, पेन तुमच्या हातात आहे. आता घोडं कुठं अडलंय?

बाबा : या तिसऱ्या ओळीत. "मॅडमनी आपल्या हाताखालच्या माणसावर कधी अन्याय होऊ दिला नाही."

लेक : मग? खोटं आहे का ते?

बाबा : खोटं कोण म्हणतंय. पण त्यांच्यावर झाला त्याचं काय?

लेक : समर्थनाचं पत्र आहे हो हे. त्यात रडगाणं घालून कसं चालेल? सोमवारी समिती त्यांना समोर बसवून प्रश्न विचारणार. आपल्या अंतराळ संस्थेच्या प्रमुखपदासाठी सरकारनं नाव सुचवलं म्हणजे झालं असं नाही, समितीनं मान डोलवायला हवी. पत्रं घेण्याची मुदत उद्या दुपारपर्यंतच आहे. निवृत्त कामगारांच्या एक्केचाळीस सह्या मी घरोघर फिरून गोळा केल्या. प्रत्येक दारात एकच वाक्य, "मिस्त्रींची झाली का?" म्हणून सगळ्यात वरची जागा तुमच्यासाठी ठेवलीय.

बाबा : वरची कशाला? खाली कुठंतरी दे की.

लेक : विनय पुरे. तीस वर्षं उड्डाणाच्या शेडमध्ये काढलीत, एक टोपण इकडचं तिकडे झालं नाही. टोपणं लावायच्या फळीवर पितळी पाटी आहे तुमच्या नावाची. नवीन माणूस मनोऱ्यावर चढण्याआधी त्या फळीला हात लावून जातो, ठाऊक आहे ना?

बाबा : ठाऊक आहे. मला ते कधी आवडलं नाही.

लेक : करा सही. चहा गार होतोय.

बाबा : काल टीव्हीवर तो समितीतला दाढीवाला काय बोलत होता?

लेक : त्याला काय, तोंड आहे म्हणून बोलतो. म्हणाला, "बावीस वर्षांपूर्वी या बाईंनी अकरा मिनिटं उरली असताना उड्डाण थांबवलं. कशासाठी? घाबरल्या म्हणून! अशा घाबरट हातात आख्खी संस्था द्यायची?"

बाबा : आणि पुरावा म्हणून काय दाखवलं?

लेक : चौकशीचा अहवाल. पाठ झालाय आता मला. "रॉकेटवरची शेहेचाळीस सुरक्षा टोपणं काढून शेडमधल्या फळीवर लावलेली होती. फळी तपासली असता शेहेचाळीसच्या शेहेचाळीस जागेवर आढळली. उड्डाण थांबवण्यास सबळ कारण दिसून येत नाही." झालं. तेवढ्यावर त्यांना उचलून प्रशिक्षण केंद्रात टाकलं, अकरा वर्षं. दुसरी एखादी नोकरी सोडून गेली असती.

बाबा : फळी कधी तपासली त्यांनी?

लेक : दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. असं लिहिलंय.

बाबा : आदल्या दिवशी तिच्यावर पंचेचाळीस होती.

लेक : काय?

बाबा : पंचेचाळीस. एकतीस नंबरचा हूक रिकामा होता.

लेक : तुम्हाला कसं... बाबा, पेन खाली ठेवा. नीट सांगा.

बाबा : टोपण म्हणजे काय ते तुला वेगळं सांगायला नको. हवेचा दाब मोजायची बारीक भोकं असतात, धूळ जाऊ नये म्हणून त्यांना टोपणं आणि टोपणाला लाल पट्टी. उड्डाणाआधी एकेक काढायचं, गळ्यातल्या पिशवीत टाकायचं, खाली येऊन हुकावर लावायचं. हूक भरले की मोकळं. एखादं वर राहिलं तर रॉकेटला आपला वेग कळत नाही, आंधळं होतं ते. त्या दिवशी मी लावत गेलो, लावत गेलो, आणि एकतीस नंबर रिकामा. पिशवी उलटी केली, जिन्यावर शोधलं, दोनदा मोजलं. घड्याळ तर पळत होतं. शेडमधून एक फोन थेट बाईंच्या टेबलावर जायचा. त्याचं रेकॉर्डिंग होत नसे. तो उचलला आणि म्हणालो, "बाई, एक कमी आहे. थांबा."

लेक : आणि?

बाबा : "कुठलं?" एवढंच विचारलं. म्हटलं, "एकतीस." त्यांनी थांबवलं. खात्री आहे का, कोण जबाबदार, काही नाही. अकरा मिनिटं उरलेली, पाठीमागे मंत्री बसलेले, आणि त्यांनी माझ्या एका शब्दावर थांबवलं.

लेक : मग वर सापडलं का ते?

बाबा : रॉकेट रिकामं करून वर चढायला संध्याकाळ झाली. त्या भोकावर काही नव्हतं, मोकळं होतं. म्हणजे मी ते काढलं होतं.

लेक : मग गेलं कुठं?

बाबा : आपल्या घरी.

लेक : म्हणजे?

बाबा : तुझ्या आईनं विणलेला तो करडा स्वेटर. मला तीन दिवस ताप होता. मनोऱ्यावर सत्तर मीटर उंचीवर वारं असं लागायचं की दात वाजायचे. आमच्या कामाच्या कपड्यांना खिसे नसायचे, मुद्दाम, कोणी काही आत टाकू नये म्हणून. मी त्याच्या आत स्वेटर घातला. नियमात बसत नव्हतं. हा नियम नवीन माणसांना शिकवायचा कोण? मीच. एकतीस नंबर काढताना शिंक आली, एका हातानं कठडा धरला, दुसऱ्या हातानं टोपण गळ्यातून आत सरकवलं. पिशवीत टाकलं असंच वाटलं मला. ते गेलं स्वेटरच्या छातीवरच्या खिशात.

लेक : आईला सापडलं?

बाबा : धुवायला घेताना. मला म्हणाली, "हे काय घरी घेऊन आलात?" लाल पट्टी गुंडाळलेली, वर एकतीस.

लेक : आईला माहीत होतं? इतकी वर्षं?

बाबा : तिनंच सांगितलं, सकाळी जा आणि सरळ सांगून टाका. मी निघालो तो सांगायलाच. शेडमध्ये पोचलो तेव्हा चिटपाखरू नव्हतं. समोर फळी, तिच्यावर तो रिकामा हूक. म्हटलं, आधी टोपण जागेवर लावू, मग साहेबांकडे जाऊ. लावलं. तेवढ्यात चौकशीची माणसं आली, मोजू लागली. शेहेचाळीस. मला म्हणाले, "मिस्त्री, तुमचं काम चोख आहे." आणि माझी दातखीळ बसली.

लेक : दातखीळ बसली!

बाबा : हो.

लेक : बावीस वर्षं बसली?

बाबा : ओरड. तुझा हक्क आहे.

लेक : मी ओरडत नाही. मला... मी त्या फळीपाशी उभी राहून माणसांना शिकवते, बाबा! "मिस्त्रींची लेक" म्हणून मला तिथं मान आहे, निम्मा तरी तुमच्यामुळे. आणि तुम्ही फळीवर... त्या यानाचं काय झालं आठवतंय ना? उड्डाणाला तो शेवटचाच दिवस होता, यान ज्या ग्रहाकडे जायचं तो पुन्हा त्या जागी यायला सव्वीस महिने लागले. ज्यांनी ते यान बांधलं ते म्हातारे शास्त्रज्ञ तेवढे थांबले नाहीत.

बाबा : मी गेलो होतो त्यांच्या अंत्ययात्रेला. सगळे येऊन माझ्याशी बोलत होते. बाई मागे एकट्या उभ्या होत्या, त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं. मीही नाही बोललो. ते सगळ्यात वाईट. टोपण एका शिंकेत गेलं. पण तिथं मी शुद्धीवर होतो, चांगला उभा होतो, आणि नाही बोललो.

लेक : मग आता काय करायचं म्हणता?

बाबा : तुझ्या कागदावर सही नाही करणार. माझं वेगळं पत्र लिही. मी सांगतो, तू टाइप कर.

लेक : थांबा. एकदा विचार करा. झाकली मूठ सव्वा लाखाची. मॅडमना एवीतेवी मतं मिळतील. काठावर का होईना, मिळतील.

बाबा : आणि नाही मिळाली तर?

लेक : तुमचं नाव जाईल. माझंही जाईल. उद्या शेडमध्ये मी कुणाला काय शिकवू?

बाबा : गेल्या महिन्यात तू मला एक सांगितलं होतंस. त्या तुमच्या वेल्डरताईचं.

लेक : तिचं इथं काय?

बाबा : सांग ना, काय झालं होतं?

लेक : तिचा एक पाना कमी आला. तिनं टाकीची चाचणी थांबवली. आठ तास शोधाशोध. मग पाना तिच्याच डब्याच्या पिशवीत निघाला. ती आपण होऊन आली, पाना टेबलावर ठेवला, म्हणाली, "माझ्याकडेच होता."

बाबा : तू काय केलंस?

लेक : सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मॅडम परत आल्या तेव्हा त्यांनीच तो नियम केलाय, चूक सांगणाऱ्याला शिक्षा नाही. आणि मी तिला म्हटलं... जाऊ दे.

बाबा : काय म्हटलंस?

लेक : म्हटलं, "मिस्त्रींच्या शेडची शोभतेस."

बाबा : हं.

लेक : तुम्ही मला हे तेव्हाच का नाही सांगितलंत? त्याच दिवशी, मी हसत हसत सांगत होते तेव्हा?

बाबा : तू फार खुशीत होतीस, पोरी. आणि मी भित्रा आहे. तो दाढीवाला घाबरट म्हणतो ना, माणूस चुकीचा निवडलाय त्यानं.

लेक : आधी मॅडमना फोन करू. त्यांच्या पाठीमागे हे पत्र नाही जाणार. मंजूर?

बाबा : मंजूर. लाव. स्पीकरवर ठेव, तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही.

बाई : हॅलो? बोल ग. सह्यांसाठी पायपीट करू नकोस, मी सांगितलं होतं तुला.

लेक : मॅडम, बाबांना बोलायचंय तुमच्याशी.

बाई : मिस्त्री? बरे आहात ना?

बाबा : बरा आहे. बाई, एकतीस नंबरचं टोपण माझ्या खिशात होतं. स्वेटरच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते हुकावर लावलं, चौकशीची माणसं यायच्या आधी. बावीस वर्षं झाली. मी तुमचा अपराधी आहे.

बाई : खिशात होतं हे नव्हतं माहीत. तुम्ही लावलंत हे माहीत होतं.

बाबा : कधीपासून?

बाई : अहवाल हातात आला तेव्हापासून. आदल्या दिवशी तुम्ही एक कमी म्हणालात. तुम्ही कधी चुकीचं मोजत नाही. सकाळी शेहेचाळीस झाली, म्हणजे रात्रीत टोपणाला पाय फुटले. शेडची किल्ली दोघांकडे होती, आणि दुसरा रजेवर होता.

लेक : मग तुम्ही चौकशीत सांगितलं का नाही, मॅडम?

बाई : काय सांगायचं? मिस्त्रींनी फोन केला म्हणून? मग पुढच्या वेळी तो फोन कोण उचलेल ग? जो तो म्हणेल, एक कमी तर कमी, जाऊ दे वर. मी म्हणाले, मला खात्री नव्हती म्हणून थांबवलं. ते खरंच होतं.

बाबा : मला तरी विचारायचं होतंत. एकदा.

बाई : वाट पाहिली, मिस्त्री. तुम्ही याल म्हणून. दोन वर्षं खरंच वाट पाहिली. प्रशिक्षण केंद्रात दारावर टकटक झाली की वाटायचं, तुम्हीच. मग राग आला, तो बराच टिकला. नंतर तोही थकला.

बाबा : यायला हवं होतं मी.

बाई : आता फोन केलात ना. झालं माझ्यापुरतं. ठेवू?

बाबा : नाही. मी समितीला पत्र लिहितोय. हे सगळं.

बाई : अजिबात नाही.

बाबा : बाई...

बाई : ऐका. मला माझ्या कामावर निवडू देत, नाहीतर नको निवडू देत. आणि त्या फळीला पोरं हात लावतात. त्यांचा विश्वास आहे तो. तुमचं पत्र पेपरात आलं की ती काय शिकतील? खरं बोलणाऱ्या म्हाताऱ्याची धिंड निघते, हेच ना?

बाबा : नाही. ती शिकतील की थांबवलं ते चुकलं नव्हतं. हुकावर लावलं ते चुकलं. हा फरक त्यांना कुणीतरी सांगायला हवा, बाई, आणि तो माझ्याशिवाय कोण सांगणार? आज ती ज्या फळीला हात लावतात ती खोटी आहे.

बाई : माझ्यासाठी करत असाल तर नको.

बाबा : तुमच्यासाठी तर आहेच. तुम्ही कारण नसताना थांबवलं असं कागदावर लिहिलंय. कारण होतं. ते कारण मी पुसलं. ते परत लिहायचंय मला, एवढंच.

बाई : मिस्त्री, मी सांगतेय तुम्हाला. थांबा.

बाबा : त्या दिवशी मी थांबा म्हणालो आणि तुम्ही थांबलात. त्याचे उपकार मी या जन्मात फेडू शकत नाही. पण आज नाही थांबणार. रागवा हवं तर.

बाई : तुमची मुलगी काय म्हणते?

लेक : मी टाइप करतेय, मॅडम.

बाई : बरं. शुद्धलेखन बघून घे त्यांचं.

(सोमवार, सकाळ. समितीच्या दालनाबाहेरचा लाकडी बाक.)

लेक : हा स्वेटर? या उकाड्यात?

बाबा : आत गारठा असतो म्हणालीस ना. आणि समितीतल्या कुणी विचारलं, कसला खिसा, तर दाखवता येईल.

लेक : कोपराला विरलाय.

बाबा : तुझी आई असती तर रफू केला असता. आणि म्हणाली असती, लवकर सुचलं.

लेक : पाणी हवंय?

बाबा : नको. किती सह्या राहिल्या तुझ्या कागदावर?

लेक : तीस.

बाबा : अकरा गेल्या?

लेक : गेल्या. पत्र देण्याआधी सगळ्यांना खरं काय ते सांगून आले. म्हणाले, मिस्त्रीच असा निघाला तर आता कुणावर विश्वास ठेवायचा. एक जण तर दारातच उभं राहून रडला. मला म्हणाला, मी तीन पोरांना त्याच्यासारखे व्हा म्हणून वाढवलं. मी जिना उतरून आले.

बाबा : कोण ते विचारत नाही.

लेक : नका विचारू. पण वेल्डरताईनं आपण होऊन सही केली. निवृत्तही नाही ती, चालत नाही म्हटलं तर म्हणाली, समासात करते.

बाबा : आणि शेडमध्ये? फळीवरची पाटी?

लेक : काढली.

बाबा : कुणी?

लेक : मी. शनिवारी, पत्र देऊन परत आले तेव्हा. दुसऱ्या कुणी काढण्याआधी. चार स्क्रू होते, एक गंजलेला, निघता निघेना. पाटी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

बाबा : चांगलं केलंस.

लेक : मला नाही चांगलं वाटलं.

बाबा : मलाही नाही वाटत, पण चांगलं केलंस. फळी आहे ना तिथंच?

लेक : फळी कुठं जाणार? काल सकाळी दोघं वर चढली. एकानं सवयीनं हात लावला, मग ओशाळून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, लाव रे, फळीनं काय केलंय. पण उतरल्यावर दोनदा मोज.

बाबा : बाई आत गेल्या का?

लेक : मघाशीच. आपल्याकडे बघितलं त्यांनी. तुम्ही मान खाली घालून बसला होतात.

बाबा : काही म्हणाल्या?

लेक : तुमच्या स्वेटरकडे बघत होत्या. मग गेल्या.

बाबा : त्यांना मतं मिळतील का ग?

लेक : माहीत नाही. तो दाढीवाला सकाळी म्हणत होता, हे पत्र आलं म्हणून फक्त प्रश्न बदलतील, संपणार नाहीत. आता त्यांना विचारतील, माहीत होतं तर गप्प का बसलात. पत्र वाचून तुम्हालाही बोलावलंय, काहीबाही विचारतील. उलटसुलट.

बाबा : विचारू देत. फार सोपं आहे आता. जे झालं तेच सांगायचं.

लेक : भीती वाटतेय?

बाबा : वाटतेय ना. सत्तर मीटरवर वाटायची त्यापेक्षा जास्त.

लेक : नाव पुकारलं, बाबा. उठा. हळू. हात द्या इकडे. दारात तपासणी आहे, खिसे रिकामे करून दाखवावे लागतील.

बाबा : रिकामेच आहेत. आज घरूनच बघून निघालोय.